तालुक्याच्या अग्निशमन सेवेचा पैसा आणि तिचा प्रमुख : विचारणा करण्याचा अधिकार कोणाचा?

धुऱ्यावरची बाभूळ

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते आणि ग्रामपंचायतीची सदस्य आहे. गेल्या वैशाखात आमच्या गावात भर दुपारी एका गोठ्याला आग लागली. गोठ्याला लागून कुटाराचा ढीग होता, ढिगाला लागून पऱ्हाटी रचलेली होती, आणि पलीकडच्या घरात भाव वाढेल या आशेने ठेवलेला कापूस होता. तालुक्याच्या नगरपरिषदेला पहिल्या पाच मिनिटांतच फोन केला होता. अंतर सत्तावीस किलोमीटर. बंब पोचला तेव्हा फोन करून पावणेदोन तास झाले होते. बरोबर एक चालक आणि एक मदतनीस होता, होज पाईप जोडाशी फुटलेला होता, आणि आमच्याच माणसांनी त्याला पोते गुंडाळून तो धरून ठेवला. त्या दोघांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी तळहात भाजून घेतले, पण जागा सोडली नाही.

पुढच्या आठवड्यात मी नगरपरिषदेत गेले आणि तीन गोष्टी विचारल्या : अग्निशमन विभागावर वर्षाला किती खर्च होतो, त्याचा प्रमुख कोण आहे, आणि त्या दिवशी बंब उशिरा का निघाला. उत्तर असे मिळाले की, ताई, तुमचे गाव आमच्या हद्दीत येत नाही, त्यामुळे ही माहिती तुम्हाला कशाला हवी? एवढे मात्र कळले की प्रमुखपदाचा कार्यभार बऱ्याच काळापासून दुसऱ्याच विभागाच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त म्हणून आहे.

माझा प्रश्न साधा आहे. ज्या सेवेवर आमचा जीव अवलंबून आहे, तिच्या पैशावर आणि तिच्या नेतृत्वावर लक्ष ठेवण्याचा आम्हा खेड्यातल्या लोकांना काही मार्ग आहे की नाही? जाणकारांनी सांगावे.


अवकाळी

बुलढाणा जिल्ह्यातून लिहितो आहे. आमच्याकडे सोयाबीनची सुडी पेटली तेव्हाही अगदी हेच घडले, फक्त अंतर अठरा किलोमीटर होते. ताईंनी प्रश्न योग्य जागी नेला आहे. बंब उशिरा आला एवढ्यावर आपण थांबतो आणि तो उशिरा का येतो हे हिशेबाच्या वहीत शोधत नाही.


जमाखर्च

मी एका नगरपरिषदेत लेखापाल म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. ठिकाण सांगत नाही, पण वर्धा नदीच्या अलीकडचे आहे. अग्निशमनाचा पैसा नेमका कसा फिरतो हे सांगतो, कारण त्याशिवाय ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कळणार नाही.

बंब खरेदी करायला पैसा मिळतो. तो जिल्हा नियोजनातून येतो, महाराष्ट्र अग्निसुरक्षा अभियानातून येतो, केंद्राच्या योजनेतून येऊ शकतो. नवी गाडी आली की पूजा होते, नारळ फुटतो, छायाचित्र छापून येते. पण त्या गाडीचे डिझेल, टायर, बॅटरी, पंपाची दुरुस्ती, होज पाईप, नोझल, कर्मचाऱ्यांचे बूट आणि शिरस्त्राण हा सगळा खर्च नगरपरिषदेला मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नातून करावा लागतो, आणि लहान नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजाराची वसुली. अंदाजपत्रकात दुरुस्तीसाठी एक रक्कम मांडली जाते. पुढे सुधारित अंदाज तयार होताना ज्या शीर्षातला, म्हणजे खर्चाच्या सदरातला, खर्च झालेला नसतो तिथली रक्कम कमी करून दुसरीकडे वळवली जाते. मी स्वतः अशा नोंदी केल्या आहेत आणि आज त्याचे वाईट वाटते. दुरुस्तीचा खर्च का झाला नाही, तर दुरुस्तीचा प्रस्ताव मांडणारा पूर्णवेळ अधिकारीच त्या विभागाला नव्हता. स्वच्छता विभागाचा माणूस अतिरिक्त कार्यभार सांभाळत होता, त्याच्या डोक्यावर नाल्या आणि कचरागाड्या होत्या. त्याने होज पाईपची मागणी वेळेत नोंदवली नाही, म्हणून तरतूद पडून राहिली, आणि तरतूद पडून राहिली म्हणून ती काढून घेतली गेली. पैसा आणि प्रमुख हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ताई. प्रमुख नसला की पैसा असूनही तो खर्च होत नाही.

म्हणून अंदाजपत्रक मागाल तेव्हा फक्त मंजूर आकडा पाहू नका. मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून तीन-चार वर्षांचे मागा. त्याबरोबर स्थानिक निधी लेखापरीक्षेने अग्निशमन विभागाबद्दल कोणते आक्षेप घेतले आणि त्यांचे अनुपालन काय पाठवले तेही मागा. लेखापरीक्षकाने लिहिलेले वाक्य आपल्या दहा तक्रारींपेक्षा जास्त वजनाचे असते.


सरकी

जमाखर्च काकांनी एक गोष्ट मांडली नाही, ती मी मांडतो, कारण ती माझ्या खिशाशी निगडित आहे. माझी जिनिंग-प्रेसिंग आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यानुसार इमारतीची परवानगी घेताना अग्निशमनाचे शुल्क भरावे लागते, आणि आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. मी दोन्ही करतो. प्रश्न असा आहे की माझ्यासारख्यांकडून अग्निशमनाच्या नावाने जमा झालेला पैसा अग्निशमनावरच खर्च होतो का?

कापसाची आग ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गठाण साधारण १७० किलोची असते आणि दाबून घट्ट बांधलेली असते. वरून पाणी मारले की ज्वाळा विझते, पण आत निखारा तसाच राहतो आणि तो दोन-दोन दिवस धुमसतो. गठाण बाहेर ओढून, पट्ट्या तोडून, उघडून भिजवावी लागते. हे माहीत असलेला अधिकारी आणि माहीत नसलेला अधिकारी यांत अख्ख्या गोदामाचा फरक पडतो. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या सगळ्या कापसाच्या बाजारपेठा आहेत, आणि इथल्या अग्निशमन केंद्रावर प्रशिक्षित प्रमुख नसणे म्हणजे दवाखान्यात डॉक्टर नसण्यासारखे आहे.


जमाखर्च

सरकी भाऊ, मी होतो त्या नगरपरिषदेत ते शुल्क स्वतंत्र खात्यात ठेवलेले नव्हते. ते सर्वसाधारण निधीत जमा होत असे आणि तिथून पगारालाही जात असे, वीजबिलालाही जात असे. इतर ठिकाणची पद्धत त्या त्या ठिकाणी विचारूनच कळेल. तुमच्यासारख्या शुल्क भरणाऱ्याने हा प्रश्न लेखी विचारला, तर कार्यालयाला त्याला उत्तर देणे टाळता येणार नाही.


तारांगण

मूळचा अकोल्याचा, सध्या पुण्यात. मला वाटते की आपण फांदी छाटत बसलो आहोत. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक या राज्यांत अग्निशमन हे राज्य सरकारचे खाते आहे. तिथे शहराची हद्द कुठे संपते हा प्रश्न बंबाच्या चालकाला पडत नाही. महाराष्ट्रात मात्र ही सेवा महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या पदरात टाकलेली आहे. राज्याचे संचालनालय आहे, पण केंद्रे, माणसे आणि दैनंदिन पैसा स्थानिक संस्थांचा. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये अग्निशमन व आपत्कालीन सेवांसाठी आदर्श विधेयक तयार करून राज्यांकडे पाठवले होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आली, त्यातले ५०० कोटी कायदेशीर सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी राखलेले होते, आणि आपल्यासारख्या राज्याने २५ टक्के वाटा स्वतः उचलायचा होता. एवढे सगळे असताना खेड्यांसाठी एकच राज्यव्यापी सेवा करून टाकावी आणि नगरपरिषदांना यातून मोकळे करावे, हेच उत्तर आहे.


कायद्याची पायरी

तारांगण, तुमचा मुद्दा मला अर्धा पटतो. जो अर्धा पटतो तो आधी सांगते.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांत अग्निशमन सेवा हा स्पष्ट विषय आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत : शेती आहे, लघुसिंचन आहे, मत्स्यव्यवसाय आहे, ग्रंथालये आहेत, पण अग्निशमन नाही. बाभूळताईंना मिळालेल्या उत्तराचे मूळ तिथे आहे. शहरातल्या माणसाला आगीच्या बाबतीत विचारणा करण्यासाठी निदान नगरसेवक आहे. खेड्यातल्या माणसासाठी बंब येतो तो शेजारधर्म म्हणून किंवा तहसीलदारांनी सांगितले म्हणून, आणि शेजारधर्माचा हिशेब मागता येत नाही, असे समजले जाते.

आता जो अर्धा पटत नाही तो. सेवा राज्याकडे गेली म्हणून ती जाब देणारी होईल, याची खात्री काय? आज तालुक्याच्या मुख्याधिकाऱ्याला भेटायला एक बस पुरते. उद्या प्रत्येक होज पाईपसाठी मुंबईकडे बोट दाखवले जाईल. कायदा बदलायला जी वर्षे लागतील त्या वर्षांतही उन्हाळे येणारच आहेत. म्हणून आज जे मार्ग उपलब्ध आहेत त्यांकडे पाहू.

पहिला मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. घटनेच्या २४३ यघ या अनुच्छेदाने आणि १९९८ च्या राज्य अधिनियमाने ती तयार झाली. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावे लागतात. म्हणजे ग्रामीण आणि नागरी प्रतिनिधी एकत्र बसून जिल्ह्याच्या पैशाबद्दल बोलतात अशी ती जागा आहे. ज्या बंबाला जिल्हा नियोजनाचा पैसा लागला, तो बंब फक्त शहराचा आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही राहत नाही.

दुसरा मार्ग आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सह-अध्यक्ष असतात. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करणे हे त्यांचे काम आहे. त्या आराखड्यात तुमच्या तालुक्यात किती बंब चालू स्थितीत दाखवले आहेत ते वाचा, आणि मग केंद्रावर जाऊन मोजा.

तिसरा मार्ग माहिती अधिकाराचा, २००५ चा. या कायद्यात हद्द नाही. कोणताही नागरिक कोणत्याही सार्वजनिक प्राधिकरणाला विचारू शकतो. ‘तुमचे गाव आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर या कायद्यापुढे टिकत नाही, ताई. अर्ज दीडशे शब्दांत आणि एका विषयापुरता ठेवा, दहा रुपयांचा न्यायमुद्रांक लावा, आणि कागदांच्या प्रती मागण्याआधी अभिलेखांची पाहणी मागा. समोर बसून वही चाळताना जे दिसते ते छापील उत्तरात येत नाही.


रानमेवा

गडचिरोलीच्या आतल्या भागातून. तुमच्या सत्तावीस किलोमीटरांबद्दल वाईट वाटते, पण आमच्याकडे जवळचे अग्निशमन केंद्र सत्तर किलोमीटरवर आहे आणि मध्ये नाले आहेत. तेंदूच्या हंगामात फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, पाने वाळत घातलेली असतात, पुढे बोदे भरून गोदामात जातात, आणि त्याच दिवसांत मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळणेही काही ठिकाणी चालूच असते. आमच्यासाठी बंब येणे न येणे सारखेच. त्यामुळे माझी विनंती अशी की ही चर्चा फक्त तालुक्याच्या बंबापुरती ठेवू नये. दहा गावांमागे ट्रॉलीवर बसवलेला एक डिझेल पंप, शंभर मीटर पाईप आणि शिकवलेली चार पोरे असतील, तर त्यावरही पैसा लागणार आहे आणि त्याचाही हिशेब लागणार आहे.


वर्दी

मी एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रावर काम करतो. कुठे ते विचारू नका.

बाभूळताई, तुम्ही आमच्या दोघा भावांच्या हातांबद्दल लिहिले, ते वाचून बरे वाटले. बहुतेक वेळा लोक दगड घेऊन उभे असतात. उशीर का होतो ते आमच्या बाजूने सांगतो. भरलेल्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असते. एवढे वजन घेऊन खड्ड्यांच्या रस्त्यावर ताशी चाळीसचा वेग मिळाला तरी फार. म्हणजे सत्तावीस किलोमीटरला चाळीस मिनिटे कोणीही वाचवू शकत नाही. केंद्रीय पातळीवरच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषांत ग्रामीण भागासाठी वीस मिनिटांचा प्रतिसादकाळ धरलेला आहे. तो शिफारशीच्या रूपात आहे, आणि वीस मिनिटांत पोचायचे तर केंद्र दहा-बारा किलोमीटरच्या आत हवे. पण चाळीस मिनिटे आणि पावणेदोन तास यांच्यामध्ये जो तासाभराचा फरक आहे, तो रस्त्याचा नाही. तो केंद्रातला आहे.

प्रत्येक केंद्रात वर्दी नोंदवही असते; वर्दी म्हणजे आगीची खबर. वर्दी कधी मिळाली, गाडी कधी निघाली, कधी पोचली, कधी परतली, कोण कोण होते, पाणी किती लागले, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. वाहनाची लॉगबुक वेगळी असते. ताईंनी पाहणी करायची ठरवली तर या दोन वह्या शेजारी ठेवून एकच तारीख दोन्हींत पाहावी. याहून अधिक मी लिहीत नाही.

गावात पोचल्यावरची दुसरी अडचण पाण्याची. एका नोझलमधून मिनिटाला साडेचारशे लिटर सोडले तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. मग आम्ही विहीर शोधतो. आगीमुळे गावाची वीज बंद केलेली असते, शेतीपंपाची वीज तर पाळीपाळीनेच येते, त्यामुळे विहिरीत पाणी असूनही ते वर येत नाही. ग्रामपंचायतीने डिझेल पंप असलेली एक विहीर ठरवून ठेवली आणि तिथपर्यंत बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवली, तर आमची दुसरी खेप वाचते.


पुंजणे

वर्दी भाऊंना माझा नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातला धानाचा शेतकरी. आमच्याकडे धान कापून बांधावर पुंजणे रचतात, आणि एका रात्रीत वर्षाची कमाई राख झालेली मी पाहिली आहे. पण माझ्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले ते दुसऱ्या आगीने. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा लेखापरीक्षणाचे आदेश निघाले. मी तेव्हापासून एकच विचार करतो की जे लेखापरीक्षण त्या पहाटेनंतर तातडीचे वाटले, ते त्याआधी कोणी मागितले असते तर? विचारणाऱ्याला कटकट्या म्हटले गेले असते, पण विचारायला हवे होते.

म्हणून माझा प्रस्ताव असा की प्रत्येक तालुक्यात अग्निशमनासाठी नागरिकांची समिती असावी. तिच्यात ग्रामपंचायतीचे, व्यापाऱ्यांचे, शेतकऱ्यांचे लोक असावेत आणि केंद्राच्या प्रमुखाने दर महिन्याला तिच्यापुढे उभे राहून उत्तर द्यावे.


वर्दी

पुंजणे भाऊ, तुमच्या भावनेचा पूर्ण आदर आहे, पण अशा समितीला माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट लिहितो. आगीच्या जागी आधीच दहा माणसे आम्हाला हुकूम देत असतात. अमक्याच्या घरावर आधी पाणी मारा, तमक्याचा गोठा नंतर पाहा, आणि हुकूम देणारा कोणत्या गटाचा आहे ते सगळ्यांना माहीत असते. अशा लोकांची समिती केली आणि आमच्या प्रमुखाची बदली-बढती तिच्या हातात आहे असे वातावरण झाले, तर कोणती बाजू आधी वाचवायची हा निर्णय वाऱ्याच्या दिशेवरून न होता माणसांच्या तोंडाकडे पाहून होईल. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात स्फोट झाले, तेव्हा आत गेलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांनी जीव गमावला. त्या जागी कोणाचे मत विचारायला वेळ नसतो.


कायद्याची पायरी

वर्दी यांचे म्हणणे या धाग्यातले सर्वांत मोलाचे आहे असे मला वाटते, आणि तरीही त्यावरून लोकांना दूर ठेवण्याचा निष्कर्ष निघत नाही. दोन कामे वेगळी केली पाहिजेत. आग लागलेली असताना हुकूम एकाचाच, आणि तो जागेवरच्या अग्निशमन अधिकाऱ्याचा. तिथे आमदारांनीही बोलू नये आणि सरपंचांनीही. पण आग नसताना, म्हणजे वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस, पद भरले आहे का, पाईप घेतला आहे का, चाचणी झाली आहे का, हे विचारणे लोकांचे काम आहे. बदली-बढतीत लोकांनी पडू नये, मात्र पद रिकामे किती महिने आहे ते त्यांनी मोजावे.


तारांगण

हे पटले. आणि पद भरायला माणसेच मिळत नाहीत, हे कारण मला मान्य नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे. देशभरातले अधिकारी आपल्या विदर्भात येऊन शिकून जातात. राज्याच्या नगरपरिषद सेवांत अग्निशमनाचा संवर्ग आहे. मग कापसाच्या तालुक्यांत वर्षानुवर्षे प्रभारी कसे? पद मंजूर नसेल तर तो आकृतिबंधाचा, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याचा, प्रश्न आहे, मंजूर असून रिक्त असेल तर भरतीचा प्रश्न आहे, आणि भरलेले असून माणूस दुसरीकडे कामाला लावलेला असेल तर तो तिसराच प्रश्न आहे. अर्जात हे तिन्ही वेगळे करून विचारावे.


अवकाळी

आमच्या नगरपरिषदेने हद्दीबाहेर बंब पाठवण्यासाठी दर ठरवलेला आहे. ज्याचे घर जळाले त्याच्याकडेच नंतर बिल येते. हे योग्य आहे का?


जमाखर्च

अवकाळी, मी नगरपरिषदेच्या बाजूने उत्तर देतो. हद्दीबाहेरच्या प्रत्येक खेपेचे डिझेल शहराच्या करातून जाते आणि ग्रामीण भागातून त्याबदल्यात काहीच येत नाही, ही अडचण खरी आहे. पण बिल जळालेल्या माणसाला देणे हा त्यावरचा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण पुढच्या वेळी माणूस फोन करण्याआधी विचार करतो आणि तेवढ्या वेळात आग दोन घरे पुढे जाते. हा खर्च जिल्ह्याने उचलावा. वर्षभरात हद्दीबाहेर किती वर्द्या गेल्या याची नोंद नगरपरिषदेने जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि तेवढी रक्कम जिल्हा पातळीवरून मागावी. अशी मागणी करणारा ठराव मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिला नाही. काही वर्षे तर ठराव करणारे सभागृहच नव्हते. २०२१-२२ नंतर निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, आणि सभेत उभे राहून विचारणारा नगरसेवकही उरला नाही. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या, आता निदान तोंडे तरी आहेत.


सरकी

या निमित्ताने सांगतो. माझ्या जिनिंगच्या आवारात पन्नास हजार लिटरची टाकी आणि पंप आहे. आजूबाजूच्या चार गावांना मी तोंडी सांगून ठेवले आहे की कधीही फोन करा. बुटीबोरीसारख्या औद्योगिक क्षेत्रांत औद्योगिक विकास महामंडळाचे स्वतःचे अग्निशमन केंद्र असते, वीज केंद्रांकडे आणि खाणींकडेही बंब असतात. हे सगळे जिल्ह्याच्या आराखड्यात एका यादीत यावे आणि ती यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. तोंडी आश्वासन माझ्यानंतर राहणार नाही.


धुऱ्यावरची बाभूळ

सव्वा महिन्यानंतर परत लिहिते आहे. सगळ्यांचे आभार मानण्याआधी काय झाले ते सांगते.

पायरीताईंनी सांगितल्याप्रमाणे अर्ज केला आणि प्रतींऐवजी पाहणी मागितली. आधी हद्दीचेच उत्तर मिळाले, मग मी कायद्याचे नाव लिहून दिले, आणि तिसऱ्या आठवड्यात बोलावणे आले. अंदाजपत्रकाचे तीन रकाने जमाखर्च काकांनी सांगितल्याप्रमाणे शेजारी लिहून काढले. लागोपाठ तीन वर्षे अग्निशमन साहित्य व दुरुस्तीच्या शीर्षात मूळ तरतूद होती, सुधारित अंदाजात ती निम्म्याहून कमी झाली होती, आणि प्रत्यक्ष खर्च त्याहूनही कमी होता. जो होज पाईप आमच्या गावात फुटला, त्याच्या खरेदीसाठी त्या वर्षी पैसा होता. मागणीपत्रच नव्हते. प्रमुखाचे पद मंजूर आहे आणि रिक्त आहे.

मग दोन वह्या मागितल्या. वर्दी नोंदवहीत वर्षभरातल्या निम्म्याहून अधिक वर्द्या नगरपरिषद हद्दीबाहेरच्या गावांच्या आहेत. ज्यांना हद्दीत नाही म्हणून परत पाठवले जाते, त्यांच्याचसाठी ही सेवा सर्वांत जास्त धावते, हे तिथे शाईत लिहिलेले आहे. आमच्या आगीच्या तारखेला वर्दी मिळाल्याची आणि गाडी निघाल्याची वेळ पाहिली, तर मध्ये एक तास पाच मिनिटे. लॉगबुकमध्ये त्याच दुपारची नोंद आहे : रस्ता दुभाजकावरील रोपांना पाणी. बंब झाडांना पाणी घालायला गेला होता, तिथून रिकामा परत आला, भरला गेला, आणि मग आमच्याकडे निघाला. मी ती ओळ चार वेळा वाचली. ज्यांचा बैल गेला त्यांना अजून सांगितलेले नाही, कसे सांगावे ते सुचत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडतो आहोत. आसपासच्या सहा गावांनीही तयारी दाखवली आहे. ठरावात चारच गोष्टी आहेत : बंब आगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरू नये, प्रमुखाचे रिक्त पद भरावे आणि तोवर प्रशिक्षित उप-अधिकाऱ्याकडेच कार्यभार द्यावा, हद्दीबाहेरच्या वर्द्यांचा खर्च जिल्हा पातळीवरून द्यावा व पीडिताला बिल देऊ नये, आणि वर्दी नोंदवहीचा मासिक गोषवारा केंद्राच्या दारावर लावावा. प्रती जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन समितीला जातील. डिझेल पंपाची विहीर आम्ही ठरवली आहे, वाटेतली काटेरी झुडपे काढून झाली.


रानमेवा

ठरावात ट्रॉलीच्या पंपाचा मुद्दाही घ्यावा, ही विनंती. तुमच्याकडे झाले की आम्हाला बोट दाखवता येईल.


धुऱ्यावरची बाभूळ

घेतला. पाचवा मुद्दा म्हणून लिहिला आहे.


पुंजणे

ताई, ठरावाचा मसुदा इथे टाकावा. समितीचा माझा हट्ट मी सोडला, दारावरचा मासिक गोषवारा मला त्याहून बरा वाटतो. आमच्या ग्रामसभेलाही हाच ठराव ठेवतो, फक्त कापसाच्या जागी धान लिहीन.


वर्दी

एक कळकळीची विनंती आहे. ती रोपांना पाणी घालण्याची नोंद कोणीतरी खरी लिहिली. तो चालक असेल किंवा केंद्रावरचा कर्मचारी, त्याने तिथे काहीही लिहिले असते तरी कोणी विचारले नसते, आणि कोरे सोडले असते तरी चालून गेले असते. गाडी तिकडे पाठवण्याचा हुकूम त्याचा नसतो. ठरावासोबत त्या पानाची छायाप्रत जोडणार असाल, तर पहिला फटका त्यालाच बसेल आणि पुढच्या वेळी वहीत खरे काही सापडणार नाही.


धुऱ्यावरची बाभूळ

छायाप्रत घेताना सहीचा रकाना कागदाने झाकून घेतला आहे. ठरावातही चालक हा शब्द कुठे नाही, ‘गाडी अन्य कामावर पाठविण्याचा आदेश देणारे’ असे लिहिले आहे. मसुदा आज रात्री टाकते.